आठवणींतला आंबा कधी कुजत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चैत्र लागला की आपल्या रविवार पुरवणीत मामाच्या गावाला जाणाऱ्यांची रांग लागते. यंदाही लागली. एसटीच्या टपावर बांधलेली वळकटी, फिरकीचा तांब्या, माजघरातली आढी, वाटीवाटीने ओरपलेली सोलकढी. वाचताना मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण या लेखांत कधी कुणाचा आंबा कुजत नाही, कुणाच्या कोकमाची बाटली फसफसून सांडत नाही, दुपारी डबा उघडल्यावर भाजीला वास येत नाही. मे महिन्यातल्या खऱ्या प्रवासात हे तिन्ही होतं, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आळसापायी होतं. आमचा व्यवहार आंबा, कोकम आणि फणसाशी. पुरवणीतल्या आठवणींना थोडं कृतीचं अस्तर लावावं म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कात्री लावायचीच तर शिदोरीच्या भागाला लावा, पेटीच्या नको.

पेटीची खरेदी बहुतेक पाहुणे परतीच्या दिवशी, गाडीला तासभर असताना, उभ्याउभ्या करतात. विचारतात एकच: ‘डझन कसा दिला?’ त्याआधी विचारावं ते: ‘तोड कधीची?’ हापूस उतरवल्यापासून खाण्याजोगा व्हायला उन्हाळ्यात साधारण आठ ते बारा दिवस घेतो. तोड कालची असेल तर पेटी आरामात पुण्याला किंवा नाशिकला पोचते आणि घरी सावकाश पिकते. तोड सहा दिवसांची असेल तर आंबा वाटेतच पिकायला लागलेला असतो. अशी पेटी ज्यांना उद्या-परवा खायचं आहे त्यांनी घ्यावी, लांब नेणाऱ्यांनी घेऊ नये. तोडीची तारीख न सांगणाऱ्या विक्रेत्याशी भावाची घासाघीस करण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट तयारीची. रुपयातले आणे व्यवहारातून केव्हाच गेले, आंब्याच्या बागेत अजून चालतात. सोळा आणे म्हणजे झाडावर पूर्ण तयार झालेलं फळ. बाहेरगावी जायचा आंबा चौदा आण्यांना, म्हणजे सुमारे ८५ टक्के तयारीला उतरवतात. खूण सोपी आहे. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले असतात, देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो आणि सालीचा काळपट हिरवा रंग उजळलेला असतो. तरीही शंका वाटली तर बादलीभर पाणी मागावं. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. बारा आण्यांचा आंबाही घरी गेल्यावर पिवळा होईल, त्याला फसू नका. त्याची साल सुरकुतते आणि गर आंबटच राहतो, कारण गोडी यायला लागणारा पिठूळपणाच त्यात पुरेसा भरलेला नसतो. बाजारात सगळ्यात आधी, सगळ्यात चढ्या भावाने येणाऱ्या पेट्यांत हे नेहमी घडतं. पाडव्याला हापूस खाल्लाच पाहिजे, अशी शास्त्रात आज्ञा नाही.

आता देठाकडे बघा. चांगल्या तोडीच्या आंब्याला दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवलेला असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याला, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीला, पातं बसवलेलं असतं ते याचसाठी: फळ देठासकट कापलं जातं आणि जाळीत पडतं, जमिनीवर आपटत नाही. देठ मुळातून तुटला की तिथून चीक उडतो, सालीवर ओघळतो आणि जिथे ओघळतो तिथे साल भाजते. पिकल्यावर त्या जागी काळे पट्टे दिसतात आणि पुढे देठाकडूनच कूज सुरू होते. म्हणून पेटीतले आंबे ‘नीट दिसावेत’ म्हणून देठ मोडून काढणाऱ्या हौशी पाहुण्यांना हात जोडून विनंती आहे की देठाला हात लावू नये.

साक्याचं विचाराल तर त्यावर बाहेरून काही इलाज नाही. साल पिवळीधमक, वास सुरेख, आणि कापल्यावर कोयीजवळ पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर. हा हापूसचा जुना दोष. झाडावर फार पिकू दिलेल्या आणि मोठ्या आकाराच्या फळांत तो जास्त दिसतो. उतरवलेला आंबा तापलेल्या कातळावर पडून राहिला तर आणखी वाढतो. म्हणून तोड सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर करतात आणि आंबा लगेच सावलीत आणतात. मोठा आंबा म्हणजे चांगला आंबा ही समजूत इथे महागात पडते. पेटी तीच असेल तर जितके डझन कमी तितका आंबा मोठा आणि भाव जास्त. मधल्या आकाराची, अडीचशे ग्रॅमच्या आसपासच्या फळांची पेटी स्वस्तही पडते आणि साक्याची जोखीमही कमी. साक्याला अगदीच कंटाळला असाल तर दापोली विद्यापीठाने १९८१ मध्ये दिलेला रत्ना आंबा खाऊन बघा. तो नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला आहे आणि त्यात साका होत नाही. हापूसचे कट्टर भक्त नाक मुरडतील. त्यांना न सांगता फोडी वाढाव्यात.

पेटीच्या आत हात घालून तळाशी कागदाची पुडी लागते का तेही बघावं. पांढुरकी भुकटी असलेली पुडी म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो आणि आंबा दोन-तीन दिवसांत पिवळा होतो. साल सगळीकडून एकसारखी पिवळी, देठाशी नाक नेलं तरी वास नाही, आत गर फिका आणि कडक, ही त्याची लक्षणं. फळं पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीनच्या खोलीत पिकवलेला आंबा हा वेगळा प्रकार. त्याला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे आणि तो अपायकारक नाही. इथिलीन आंबा स्वतःही तयार करतो. म्हणून ‘वायूने पिकवलेला’ एवढं ऐकून घाबरू नका, कोणत्या वायूने ते विचारा. भौगोलिक मानांकनाचं म्हणाल तर २०१८ मध्ये हापूसला जे मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. खोक्यावर नुसतं ‘देवगड’ छापायला छापखान्याचा खर्च तेवढा लागतो. नोंदणीकृत बागायतदाराचं नाव आणि क्रमांक आहे का ते बघावं.

पेटी घरी न्यायची कशी? पाच डझनांची पेटी आंब्याचे पंधरा किलो आणि खोक्याचे दोन-तीन धरून अठरा किलोच्या आत बसते. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर चाळीस किलो सामान फुकट नेता येतं, म्हणजे माणशी दोन पेट्या निर्धास्त. देवगडला स्टेशन नाही, तिथली पेटी कणकवलीला आणून गाडीत चढवायची. जमत असेल तर परतीला कोकणकन्या किंवा तुतारी यांसारखी रात्रीची गाडी धरावी. आंबा उन्हात तापत नाही आणि सकाळी मुंबईत उतरतो. पेटी बर्थखाली सरळ ठेवायची, तिच्यावर बॅग ठेवायची नाही आणि खोक्याची भोकं सामानाने बुजवायची नाहीत. आंबा उतरवल्यानंतरही श्वास घेत असतो. भोकं बुजली की आत ऊब धरते आणि एका रात्रीत मधला थर मऊ पडतो.

मोटारीने येणाऱ्यांचे आंबे रेल्वेवाल्यांपेक्षा जास्त खराब होतात, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. कारण डिकी. जेवायला तासभर गाडी उन्हात उभी राहिली की बंद डिकीची भट्टी होते. पस्तीस अंशांच्या वर फार वेळ राहिलेला आंबा नीट पिकत नाही. साल हिरवीच राहते, आत गर मऊ होऊन आंबतो, आणि घरी लोक ‘अजून कच्चा आहे’ म्हणून वाट बघत बसतात. पेटी मागच्या सीटवर, पायाशी, गार हवेत ठेवावी. सीट आंब्याला आणि मुलं मांडीवर, असं कोकणात चेष्टेने म्हणतात. आम्ही गंभीरपणे सांगतो आहोत.

घरी पोचल्यावर खोकं न उघडता कपाटाखाली सरकवून देणं ही पुढची चूक. त्याच दिवशी उघडा. खोलीच्या गार, हवेशीर कोपऱ्यात दोन-तीन बोटं जाड भाताचा पेंढा पसरा. त्यावर आंब्यांचा एक थर लावा, फळं एकमेकांना रेटणार नाहीत अशा बेताने, मग पुन्हा पेंढा. दोन थर पुरे, फार तर तीन. वरून गोणपाट. झाली आढी. शहरात पेंढा कुठला, असं म्हणणाऱ्यांसाठी वर्तमानपत्र आहेच. त्यातही पुरवणीपेक्षा मुख्य अंकाचा कागद बरा. पुरवणी गुळगुळीत असते, ओल शोषत नाही. (हे वाक्य छापलंत तर आनंद होईल.) प्लास्टिकची पिशवी मात्र कुठेच नको. आत घाम धरतो आणि सालीवर करप्याचे काळे ठिपके पसरत जातात.

पहिले तीन-चार दिवस आढीला हात लावू नये. पाचव्या दिवसापासून रोज बघावं. ठिपका पडलेला, देठाशी काळा झालेला आंबा लगेच बाहेर, कारण कूज शेजाऱ्याला लागते. पिकलेला आंबाही बाहेर, पण वेगळ्या कारणाने: त्याच्यातून निघणाऱ्या इथिलीनने बाकीचे भराभर पिकतात आणि साठ आंबे एकाच रविवारी खायची पाळी येते. हेच उलटंही वापरता येतं. शुक्रवारी पाहुणे येणार आणि आंबा अजून कडक असेल तर एका खोक्यात डझनभर आंब्यांबरोबर दोन पिकली केळी ठेवून द्या. आणि सगळे एकदम पिकतील अशी भीती वाटली तर आढी मोडून आंबे जमिनीवर सुटे पसरून ठेवा, दोन-चार दिवस हाती लागतात.

कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. कधीच नाही. बारा-तेरा अंशांच्या खाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते. साल करडी पडते, आणि नंतर बाहेर काढला तरी तो पिकायचं विसरलेला असतो. आपल्याच पुरवणीत ‘पेटी आल्या आल्या निम्मे आंबे फ्रिजमध्ये ठेवावेत म्हणजे टिकतात’ असा सल्ला छापून आला होता, तो वाचून आमच्याकडे हळहळ व्यक्त झाली. पूर्ण पिकलेला आंबा तीन-चार दिवस फ्रिजमध्ये चालतो. आढीतला आंबा खाण्याआधी तासभर साध्या पाण्यात बुडवून ठेवावा. आतली ऊब जाते, देठाशी उरलेला चीक धुतला जातो. पिकला की नाही हे बोटाने दाबून ठरवू नका, दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी डाग पडतो. देठाशी नाक न्या. वास आला की झालं.

हापूस कापून खावा, पायरी रसाला घ्यावी, रायवळ चोखावा. यावर वाद घालणारे घालतात, आमचं मत ठरलेलं आहे. रसात चिमूटभर मीठ आणि वाढताना चमचाभर तूप. दूध घालायचंच तर पानात वाढताना घाला, आधी घातलेला रस संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आणखी एक, परदेशातल्या मुलांना सामानातून आंबे नेण्याची इच्छा पुष्कळांना होते. अमेरिकेत भारतीय आंबा जाऊ शकतो, २००७ पासून जातो, पण विकिरणाची प्रक्रिया करून आणि व्यापारी मार्गानेच. बॅगेतला आंबा विमानतळावर काढून घेतात. आमरसाचा सीलबंद डबा घ्या, नाहीतर आंबापोळी.

आंब्यावर एवढं लिहिल्यावर कोकमाला थोडी जागा राहिली आहे. खरं तर उन्हाळी प्रवासात फसवणूक आंब्यापेक्षा कोकमात जास्त होते. रस्त्याकडेला लालभडक, बर्फासारखं चकाकणारं कोकम सरबत मिळतं. ताज्या कोकमाचा रंग गडद असतो, जांभळ्याकडे झुकणारा, आणि काही महिन्यांत तो विटकरी होत जातो. तपासायचं असेल तर थोड्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. कोकमाचा मूळ रंग सोड्याने बदलतो, निळसर-हिरवट होतो. तांबडा तांबडाच राहिला तर तो रंग बाटलीतून आलेला आहे. घोट वाया जाईल, पण माहिती मिळेल.

मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची पिकलेली फळं, बघून लोकांना ते टोपलीभर न्यावेसे वाटतात. नेऊ नका. पिकलेला रातांबा रात्रभराच्या प्रवासात फुटतो आणि त्याचा डाग कपड्यावरून जात नाही. त्याऐवजी निघायच्या आदल्या संध्याकाळी फळं धुऊन, पुसून, फोडून घ्यावीत. बिया आणि आतला पांढरा गर काढून फक्त सालांच्या वाट्या ठेवाव्यात. फोडल्यावर त्या पाण्याने धुवायच्या नाहीत. एक किलो वाट्यांना दोन किलो साखर असं प्रमाण धरून प्रत्येक वाटीत साखर भरायची आणि काचेच्या बरणीत एकावर एक रचायच्या. बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं. दुसऱ्या दिवसापासून पाक सुटायला लागतो. घरी आल्यावर बरणी आठवडाभर रोज उन्हात ठेवून कोरड्या लाकडी चमच्याने हलवावी, मग गाळून घ्यावं. हे अमृत कोकम. पेल्याला एक भाग अमृत कोकम, पाच-सहा भाग पाणी, चिमूट मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. साखर ‘तब्येतीसाठी’ म्हणून निम्मी केली की ते आंबतं, बुडबुडे येतात आणि प्रवासात बाटली झाकणासकट उडते. साखर कमी हवी असेल तर पिताना पाणी वाढवावं. बाटली गळ्यापर्यंत न भरता वर चार बोटं जागा सोडावी.

आमसुलं घेताना ओंजळभर उचलून दाबून बघा. चांगलं आमसूल काळपट जांभळं, लवचिक आणि किंचित चिकट असतं. साल उन्हात सुकवून कोकमाच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवायची आणि पुन्हा सुकवायची, असे चार-पाच पुट दिलेलं आमसूल वर्षभर टिकतं. हाताला मिठाचं पाणी सुटलं तर तुम्ही मिठाचे पैसे मोजता आहात. तपकिरी आणि कडकडीत असेल तर ते गेल्या वर्षीचं.

सोलकढी फुटण्याचं कारण एकच: घाई. एका नारळाचं दूध काढायला कोमट पाणी वापरलं तर चालतं, पण कढी शेगडीवर चढवायची नसते. आठ-दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून, ते पाणी पूर्ण गार झाल्यावर दुधात मिसळा. लसणाच्या दोन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून, कोथिंबीर, शेवटी मीठ. आमसुलांऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, वापरणार असाल तर तीन-चार चमचे पुरे. तिथे मीठ घालायच्या आधी चव घ्या, आगळ मुळातच खारट असतं. सोलकढी बिघडली म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्यांचं मूळ या दुबार मिठात सापडतं. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. आणि नारळाच्या दुधाची कढी डब्यात भरून गाडीत नेऊ नये, तीन-चार तासांत ती उतरते. प्रवासात हवी असेल तर नारळाशिवायची फुटी कढी न्यावी. ती नावानेच फुटी असल्यामुळे काळजी नाही.

फणसाबद्दल थोडक्यात. कापा खायला, बरका सांदणांना आणि फणसपोळीला. बरका कापायला गेलात तर सुरीला, हाताला आणि बहुधा कोपरापर्यंत लगदा लागेल. पिकलेला फणस वाजवल्यावर बद्द आवाज देतो आणि त्याचे काटे पसरट होतात. हाताला आणि सुरीला आधी खोबरेल तेल लावा, चीक पाण्याने निघत नाही, तेलाने निघतो. पिकलेला अख्खा फणस वातानुकूलित डब्यात नेऊ नये. तुम्हाला तो सुगंध वाटतो, समोरच्या बर्थवरच्या माणसाला रात्रभर तोच पुरतो. गरे काढून घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावेत आणि आठळ्या फेकू नयेत. धुऊन, दिवसभर वाळवून ठेवल्या की पावसाळ्यात भाजून खाता येतात.

ओल्या काजूची उसळ खायची म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात येणाऱ्यांची निराशा होते, कारण ओले काजू संपलेले असतात. त्यांचा मुख्य हंगाम मार्चचा, एप्रिलपर्यंत कसाबसा. मेमध्ये मिळते ती सुके काजू भिजवून केलेली उसळ. वाईट नसते, पण तिचे पैसे ओल्याचे देऊ नयेत. ओले गर शेकड्यावर विकतात, सोललेलेच घ्यावेत. टरफलाचा चीक कातडी सोलवटून काढतो, आणि त्याची सवय नसलेल्या हाताला आठवडाभर खुणा राहतात. रायगड आणि पालघरकडून जाणाऱ्यांनी ताडगोळे सकाळी घ्यावेत. अंगठ्याने दाबल्यावर लुसलुशीत लागला तर आत पाणी आहे, दाबला जात नसेल तर तो जून. त्याच दिवशी संपवावेत.

आता शिदोरी. मांडवी एक्स्प्रेस खाण्यासाठी नावाजलेली आहे, तेव्हा त्या गाडीने जाणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. बाकीच्यांसाठी दशमी. दोन वाट्या कणीक, चमचाभर तेलाचं मोहन, मीठ, आणि पाण्याऐवजी पाऊण वाटी दूध. पाण्याचा थेंब नको. पाण्यात भिजवलेली पोळी दुसऱ्या दिवशी चामट होते, दुधातली दशमी दोन दिवस मऊ राहते. दोन्ही बाजूंनी तूप सोडून भाजायची आणि डब्यात भरण्याआधी फडक्यावर पूर्ण गार होऊ द्यायची. गरम पोळ्या डब्यात कोंडल्या की झाकणाला घाम धरतो, तो खाली ठिबकतो, आणि तळच्या चार पोळ्या दुपारपर्यंत गिळगिळीत. सोबत कोरडी शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी. ओल्या खोबऱ्याची नको. बटाट्याची भाजी न्यायची तर कांदा आणि खोबरं न घालता, कोरडी परतून, आणि दुपारच्या आत संपवायची. दहीभात हवा असेल तर सकाळी कोमट भातात दूध घालून एकच चमचा दही कालवावं. दुपारपर्यंत ते डब्यातच लागतं आणि आंबट होत नाही. नुसत्या दह्यात कालवून नेलेला भात खेडपर्यंत फार तर चांगला राहतो.

खिडकीबद्दल एक सूचना, कारण पुरवणीतल्या एका लेखात ‘रुळालगत उसळणारा समुद्र’ होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोकण रेल्वेच्या खिडकीतून खाड्या, डोंगर आणि बोगदे दिसतात. समुद्र हवा असेल तर स्टेशनवर उतरून रिक्षा करावी लागते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. तेवढ्या वेळात दशमी उलगडून घ्यावी. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीचा चौसष्ट मीटर उंच पूल येतो, तिथे हात रिकामे असलेले बरे. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे मेच्या मध्याचं तिकीट मार्चच्या मध्यालाच काढायला बसावं.

जावं कधी? एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा दुसरा आठवडा. तेव्हा आंबा भरात असतो, भाव उतरलेला असतो आणि रातांबेही पिकायला लागलेले असतात. वळवाच्या सरी पडून गेल्या की फळमाशी वाढते. वरून निर्दोष दिसणाऱ्या आंब्यात कापल्यावर अळ्या सापडतात, आणि भिजलेले रातांबे झाडाखालीच कुजतात. त्या दिवसांत पेटी घेण्याऐवजी आंबा तिथेच, कापून, बघून खावा.

शेवटी एक दुरुस्ती. पन्ह्याची जी कृती आपण छापलीत तीत दोन कैऱ्या उकडून, वाटीभर गराला दीड वाटी गूळ आणि वेलची एवढंच होतं. गूळ गर गरम असतानाच घालायचा म्हणजे विरघळतो, हे राहिलं. हे घट्ट पन्हं बाटलीत भरून प्रवासात न्यायचं आणि पेल्याला दोन-तीन चमचे घालून जागेवर पाणी मिसळायचं, हेही राहिलं. ते चालेल. पण वाटीभर गराला अर्धा चमचा मीठही राहिलं आहे. उन्हातून घामेजून आलेल्या माणसाला गुळाइतकीच मिठाची गरज असते, आणि मिठाशिवाय कैरीचा आंबटपणा दातांना लागतो. पुढच्या रविवारी तेवढं मीठ छापून घ्यावं, ही विनंती.

आपले,
दोन आंबा बागायतदार,
राजापूर तालुका